लोह जाते कोठे?

पत्र: माझे वय ३८ वर्षे असून मला दोन मुले आहेत. गेल्या सात वर्षांत रक्तक्षयाचे निदान होण्याची ही माझी तिसरी वेळ आहे. या वेळी हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन (अंगातील लोहाच्या साठ्याची चाचणी) ६ आले. दर वेळी दोन-अडीच महिने लोहाच्या गोळ्या घेते, आकडा वर चढतो, मी गोळ्या थांबवते आणि काही काळाने जिना चढताना पुन्हा धाप लागू लागते. गोळ्यांनी मळमळते, पोट साफ होत नाही, त्यामुळे त्या जास्त दिवस घ्याव्याशा वाटत नाहीत. घरातली मंडळी म्हणतात की मी जेवणाची आबाळ करते. खरे तर मी व्यवस्थित जेवते. अलीकडे दिवसभर बर्फ चघळावासा वाटतो, आणि हे कोणाला सांगायचीही लाज वाटते. जगातील दर तीन स्त्रियांपैकी एकीला रक्तक्षय असतो असे वाचले. इतक्या जणींना असेल, तर बायकांचे शरीर असेच असते असे समजून गप्प बसावे का? माझ्या १४ वर्षांच्या मुलीलाही थकवा येतो. उरलेल्या गोळ्या तिला दिल्या तर चालतील ना? वडिलांचेही (वय ६९) हिमोग्लोबिन १०.८ निघाले आहे, त्यांना मी माझ्याच गोळ्या सुरू केल्या आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला मात्र तेच सर्वांत निकडीचे वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि पुरुषाच्या शरीरातून दरमहा रक्त जाण्याची कोणतीही नैसर्गिक वाट नसते. त्यामुळे या वयाच्या माणसाच्या अंगातील लोह खरोखरच कमी झाले असेल, तर ते पचनमार्गातून कोठेतरी झिरपत आहे असे गृहीत धरूनच तपासाला लागायचे असते आणि तसे नाही याची खात्री झाल्यावरच इतर कारणांकडे वळायचे असते. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांनाही हाच नियम लागू आहे. जठरातील व्रण असू शकतो, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराचे अस्तर सोलले गेलेले असू शकते, आणि मोठ्या आतड्यात गाठही असू शकते. विशेषतः त्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ रोज थोडे थोडे रक्त गळू देते, पण पोट दुखत नाही आणि शौचातही डोळ्यांना काही दिसत नाही. बरेचदा बाहेर दिसणारी तिची पहिली खूण म्हणजे हा घटलेला आकडाच असतो.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली होती. एका वयस्कर गृहस्थांना मी लोहाच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन वाढले, ते खूश झाले आणि मीही खूश झाले. गोळ्यांमुळे आकडा सुधारत होता आणि त्या सुधारलेल्या आकड्याआड रक्त गळतच होते. गाठ सापडेपर्यंत हातचे कित्येक महिने निघून गेले होते. तेव्हापासून कारण न शोधता दिलेली लोहाची गोळी मला औषधापेक्षा पडद्यासारखी अधिक वाटते. तुमच्या वडिलांचे फेरिटिन तपासलेले नाही असे पत्रावरून दिसते. कदाचित त्यांच्या रक्तक्षयाचा लोहाशी संबंधच नसेल. मूत्रपिंडाचा जुना विकार, दीर्घकाळ चाललेला दाह (शरीरातील सूज) किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही हिमोग्लोबिन घटते, आणि तसे असेल तर तुमच्या गोळ्या त्यांच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. त्यांना डॉक्टरांकडे नेताना या गोळ्या चालू असल्याचे आवर्जून सांगा, कारण दुर्बिणीने मोठे आतडे तपासायचे ठरले तर त्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. इतक्या जणींना आहे म्हणजे ते स्वाभाविकच असावे का, असे तुम्ही विचारता. तुम्ही वाचलेला आकडा बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ३० टक्के स्त्रिया, म्हणजे ५७ कोटी, रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. गर्भवतींमध्ये हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांमध्ये ४० टक्के. जगातील आजारांचा भार मोजणाऱ्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०२१ साली सर्व वयोगट मिळून १९२ कोटी लोकांना रक्तक्षय असल्याचे नोंदवले, म्हणजे मानवजातीतील जवळजवळ दर चौथ्या व्यक्तीला. परंतु बारकाईने पाहा की निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन किती असते हे आधी ठरवले गेले आणि त्या रेषेखाली किती जण आहेत हे नंतर मोजले गेले. प्रौढ, गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठीची १२ ग्रॅमची रेषा १९६८ मध्ये आखली गेली आणि २०२४ मध्ये या सगळ्या सीमारेषांचा नव्याने आढावा घेतला गेला तेव्हाही तुमच्या वयोगटासाठी ती तशीच राहिली. रेषेखाली गर्दी फार आहे, म्हणून रेषा खाली आणायची नसते. एखाद्या वस्तीत निम्म्या लोकांचे दात किडलेले असतील तर तिथे किडलेला दात नैसर्गिक ठरत नाही, तसेच हे आहे.

त्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण बातम्यांमध्ये ती हमखास गाळली जाते. ‘तीनपैकी एक’ हा रक्तक्षयाचा आकडा आहे; लोहाच्या कमतरतेचा नाही. एकेकाळी जगातील निम्मा रक्तक्षय लोहाअभावी होतो असे ठोकताळ्याने धरले जात असे. पुढे फेरिटिनसारख्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या तेव्हा हा वाटा प्रदेशागणिक फार बदलतो आणि हिवताप, जंत, थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार, फोलेट व ब-१२ या जीवनसत्त्वांची कमतरता आणि नाना प्रकारचे दाह हेही तितकेच धरून चालावे लागतात असे दिसले. उलट बाजूने पाहिले तर हिमोग्लोबिन बारावर टिकून असतानाच साठ्यातील लोह संपलेल्या स्त्रियाही असंख्य आहेत, आणि त्या या गणतीत येतच नाहीत. तुमच्या बाबतीत ही शंका उरत नाही. दाह किंवा संसर्ग नसताना प्रौढ व्यक्तीचे फेरिटिन दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असणे म्हणजे लोहाचा साठा रिता असणे. तुमचे ६ आहे. (अंगात दाह असेल तर फेरिटिन खोटेपणाने वाढलेले दिसते आणि तेव्हा हीच सीमा ७० धरतात, ही गोष्ट वडिलांचा अहवाल वाचताना उपयोगी पडेल.)

तेव्हा तुमच्याजवळ लोह नाही हे निश्चित आहे. ते गेले कोठे, हे सात वर्षांत कोणी विचारले का? पत्रात तरी तसे काही दिसत नाही.

लोहाचा शरीरातील जमाखर्च इतर कोणत्याही पोषकद्रव्यासारखा नाही. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते, स्त्रियांमध्ये त्याहून थोडे कमी, आणि त्यातील जवळपास दोन तृतीयांश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये अडकलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की तिच्यातील लोह प्लीहेतील आणि यकृतातील पेशी काढून घेतात व नव्या पेशी घडवण्यासाठी अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. रोज असे २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरत असते, तर आतड्यातून नव्याने आत येणारे लोह दिवसाकाठी जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. इतक्या अल्प आवकेवर भागते, कारण शरीर लोह टाकतच नाही. जास्तीचे लोह बाहेर काढण्याची व्यवस्थाच त्याच्याकडे नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज सुमारे १ मिलिग्रॅम जाते, तेवढेच. बाहेर काढता येत नसल्यामुळे सगळा ताबा आत घेण्यावर ठेवावा लागतो, आणि हे काम यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक करते. या शतकाच्या सुरुवातीस ते हाती लागले आणि लोहाविषयीच्या कितीतरी जुन्या कोड्यांची उत्तरे मिळाली. साठा भरलेला असला किंवा अंगात संसर्ग असला की हेप्सिडिन वाढते आणि आतड्याचे दार लोटले जाते. साठा रिकामा झाला की ते घटते आणि दार सताड उघडते.

आता खर्चाची बाजू पाहू. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेले तर वैद्यकशास्त्र त्याला अतिरिक्त रक्तस्राव म्हणते. समजा ८० मिलिलिटरच गेले, तर ४० मिलिग्रॅम लोह गेले. महिन्याच्या दिवसांवर वाटले तर रोजचे १.३ मिलिग्रॅम. त्यात नेहमीचा १ मिलिग्रॅम मिळवला की रोजची गरज सव्वादोन मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि एवढे लोह नेहमीच्या आहारातून दररोज शोषून घेणे दार पूर्ण उघडे असलेल्या आतड्यालाही अवघड जाते. त्यात दोन बाळंतपणे धरा. एका गर्भारपणासाठी सगळा हिशेब करता जवळपास १ ग्रॅम लोह लागते, आणि बहुतेक स्त्रियांच्या साठ्यात त्याच्या निम्मेही नसते. घरच्यांना ही बेरीज वाचून दाखवायला हरकत नाही. जेवणाची आबाळ हे कारण सांगायला सोपे असते, कारण त्यात दोष जिचा तिच्याच पदरात टाकून मोकळे होता येते.

मी हे पाळीकडे का नेते आहे, असे तुम्हाला वाटेल, कारण तुम्ही पाळीविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. म्हणूनच नेते आहे. ज्यांना फार जाते त्या स्त्रिया ते सांगत नाहीत, कारण फार म्हणजे किती हे ठरवायला त्यांच्याजवळ दुसरे माप नसते. आईला तसेच जात होते, बहिणीला तसेच जाते, म्हणजे सगळ्यांनाच तसे जात असणार. प्रत्यक्षात रक्त लवकर न गोठण्याचा एखादा आनुवंशिक दोष, उदाहरणार्थ फॉन विलेब्रांड रोग, त्याच घरातील तिघींमध्ये असू शकतो. तुम्हाला पॅड तासा-दोन तासांनी बदलावे लागते का, रात्री त्यासाठी उठावे लागते का, मोठ्या गाठी पडतात का, आठवडा उलटला तरी अंगावरून जाणे थांबत नाही का, त्या दिवसांत बाहेर जाण्याचे बेत तुम्ही टाळता का, याचा शांतपणे विचार करा. यांपैकी दोन-तीन उत्तरे जरी होकारार्थी असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ‘रक्त कमी आहे’ अशी तक्रार घेऊन जाऊ नका; ‘रक्त फार जाते’ अशी तक्रार घेऊन जा, कारण या दोन वाक्यांनी सुरू होणारे तपास वेगवेगळे असतात. गर्भाशयातील गाठी सोनोग्राफीत दिसतात. रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्झामिक आम्लाची गोळी आहे, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे, आणि शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याची वेळ बऱ्याच जणींवर येत नाही. यांतील काय तुम्हाला योग्य ते तपासणीनंतरच ठरेल.

पाळी बेताची निघाली तर आतड्याकडे वळावे लागेल. गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक रोग, जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूचा संसर्ग, आम्लपित्तावर वर्षानुवर्षे घेतलेली आम्ल कमी करणारी औषधे, वजन घटवण्यासाठी झालेली जठराची शस्त्रक्रिया, या सर्वांमुळे लोह आत शिरण्याची वाट अरुंद होते. नियमित रक्तदान करत असाल तर तेही सांगा. एका रक्तदानात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते.

गोळ्यांबाबत तुमचे जे झाले ते बहुतेकांचे होते, आणि त्याचे कारण साध्या गणिताने कळते. हिमोग्लोबिन ९.४ वरून १३ पर्यंत नेण्यासाठी, अंगात चार लिटर रक्त आहे असे धरले, तर सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह लागते. चांगल्या शोषल्या जाणाऱ्या गोळीतून दिवसाकाठी ६ ते १० मिलिग्रॅम आत गेले, तर या कामाला साधारण दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात. शरीर आलेले लोह आधी हिमोग्लोबिनसाठी वापरते आणि साठ्यात नंतर टाकते. म्हणजे आकडा बारा-तेराला पोहोचतो त्या दिवशी तुमची तिजोरी रिकामीच असते, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही गोळ्या बंद करता. हिमोग्लोबिन सुधारल्यावर आणखी किमान तीन महिने गोळ्या घ्यायच्या आणि फेरिटिन पुन्हा तपासून मगच थांबायचे, ही सूचना तुम्हाला कोणी दिली नसावी, किंवा दिली असेल तर मळमळीपुढे ती टिकली नसावी.

मळमळीवर मात्र आता चांगला उपाय आहे, आणि तो हेप्सिडिनच्या अभ्यासातून आला. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन वाढते आणि सुमारे दिवसभर वाढलेले राहते, त्यामुळे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घेतलेली गोळी अर्ध्या मिटलेल्या दारावर जाऊन आदळते. झुरिच येथील संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांवर हे मोजून दाखवले की गोळी एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक मात्रेतील अधिक लोह शोषले जाते. जे शोषले जात नाही तेच आतड्यात राहून मळमळ, पोटदुखी आणि मलावरोध घडवते, म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा गोळ्या देण्याची जुनी पद्धत त्रास वाढवणारी आणि फायदा न वाढवणारी होती. डॉक्टरांना विचारून दिवसाआड एकच गोळी, सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूवर्गीय फळाच्या रसाबरोबर घेऊन पाहा. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांना तिच्यापासून एक-दोन तास दूर ठेवा. गोळीच्या वेष्टनावरील एकूण वजनाकडे न पाहता त्यातील मूळ लोह किती ते वाचा. फेरस फ्युमरेटमध्ये ते वजनाच्या सुमारे एक तृतीयांश असते, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के, आणि त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या सारख्या नसतात. शौचाचा रंग काळा होईल, त्याने घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला हवे. न वाढल्यास, किंवा दिवसाआडची गोळीही सोसवत नसल्यास, लोह शिरेतून देता येते. अलीकडची औषधे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि त्यांतील काहींमुळे रक्तातील फॉस्फेट घटू शकते.

बर्फाची लाज बाळगू नका. लोह कमी झालेल्या माणसांना बर्फ, माती, कच्चा स्टार्च असे काहीबाही खावेसे वाटते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बर्फाची ओढ ही तर लोहाच्या कमतरतेची इतकी नेमकी खूण आहे की ती कोणी सांगितली की मी फेरिटिन मागवतेच. उपचार सुरू झाले की ही ओढ बहुधा हिमोग्लोबिन वाढण्याच्या आधीच नाहीशी होते.

आहाराविषयी थोडक्यात. तो महत्त्वाचा आहे, पण रिकामा झालेला साठा भरण्याची ताकद त्यात नसते. मांस-माशांतील लोह चांगले शोषले जाते. डाळी, धान्ये आणि पालेभाज्यांतील लोह फायटेट व पॉलिफेनॉल या वनस्पतींतील द्रव्यांच्या पकडीत असल्यामुळे कमी शोषले जाते, आणि क जीवनसत्त्वाची जोड दिली की ती पकड सैल होते. पालकाची कीर्ती मला नेहमीच अवाजवी वाटत आली आहे: त्यात लोह आहे, पण त्यातील फारच थोडे रक्तापर्यंत पोहोचते. जेवणाबरोबरचा चहा तासाभराने पुढे ढकलणे हा एवढ्याशा कष्टात होणारा सर्वांत मोठा बदल ठरतो.

तुमचा मूळ प्रश्न एकट्या तुमच्यापुरता नव्हता, म्हणून जगाविषयीही लिहिते. १८३२ मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच वैद्याने फिकट पडलेल्या तरुण मुलींना लोहाच्या गोळ्या देऊन बरे केल्याचे सांगितले. म्हणजे या आजाराचे स्वस्त औषध आपल्या हाती जवळजवळ दोनशे वर्षे आहे. तरीही २००० ते २०१९ या काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे जागतिक प्रमाण ३१ वरून जेमतेम ३० टक्क्यांवर आले. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०२५ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले. ते गाठले गेले नाही आणि मुदत २०३० पर्यंत वाढवण्यात आली. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे की तुमच्या बाबतीत जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर होत आले आहे. गोळ्या किती वाटल्या हे मोजले गेले. लोह कोठून जाते याकडे क्वचितच पाहिले गेले.

जिथे अंकुशकृमी आहेत तिथे आतड्याला चिकटलेला एकेक जंत जातीनुसार दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो, आणि अंगात असे शेकडो जंत घेऊन फिरणाऱ्या माणसाला शौचालय आणि पायांत जोडा मिळेपर्यंत गोळी पुरी पडत नाही. जिथे हिवताप आहे तिथे तर निव्वळ लोह देणे घातकही ठरू शकते. टांझानियातील पेम्बा बेटावर लहान मुलांना लोह आणि फोलिक आम्ल देऊन पाहणारा एक मोठा प्रयोग लोह मिळालेल्या मुलांत गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर हिवतापाच्या प्रदेशात लोहाबरोबर हिवतापाचा प्रतिबंध व उपचार हवेतच, असे मार्गदर्शन आले. याचा अर्थ लोह टाळावे असा मुळीच नाही. बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टारिकात तान्ह्या वयात लोहाची तीव्र व दीर्घकाळ कमतरता असलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा रक्तक्षय उपचारांनी बरा होऊनही ती मुले बौद्धिक चाचण्यांमध्ये मागेच राहिल्याचे आढळले. मेंदूला जे लोह वेळेवर हवे असते ते उशिरा देऊन भागत नाही. म्हणूनच बाळ जन्मल्यावर नाळ मिनिटभर तरी बांधू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला फार मोलाची वाटते. तेवढ्या वेळात वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि काही महिन्यांचे लोह त्याला फुकटात मिळते.

स्त्रियांच्या मासिक रक्तस्रावाचा विचार या सगळ्यात सर्वांत उशिरा झाला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षय कमी करण्यासाठी जो सर्वसमावेशक आराखडा मांडला, त्यात स्त्रीरोगविषयक आणि प्रसूतीशी निगडित कारणांना पोषण व संसर्ग यांच्या बरोबरीने स्थान मिळाले आहे. ब्लो यांच्या गोळीनंतर हे यायला १९० वर्षे लागली. यावर मी अधिक भाष्य करत नाही.

मुलीला उरलेल्या गोळ्या देऊ नका. तिच्या वयालाही सीमा १२ ग्रॅमचीच आहे. तिचे हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींचा आकार आणि फेरिटिन एकत्र तपासून घ्या. पेशी लहान असून फेरिटिन व्यवस्थित निघाले तर थॅलेसेमियाचा सौम्य, आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि तिथे लोह दिल्याने काही साधत नाही. काही आजारांत तर ते साठून यकृताला आणि हृदयाला इजा करते. तिची पाळी सुरू झाली असेल तर तुम्हाला वर विचारलेले प्रश्न तिलाही विचारा, आणि ती लाजली तर आधी स्वतःची उत्तरे तिला सांगा. लोहाच्या गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा. रंगीत गोळ्या गोड समजून लहान मुलांनी मूठभर खाल्ल्या तर ती विषबाधा जिवावर बेतू शकते, म्हणून घरी पाहुण्यांची मुले येत असतील तरी ही काळजी घ्यावी.

डॉक्टरांची वेळ ठरवताना पहिली वेळ वडिलांसाठी घ्या. तुमची आणि मुलीची पुढच्या आठवड्यात घेतली तरी चालेल. जाताना त्यांच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, विशेषतः गुडघेदुखीसाठी किंवा अंगदुखीसाठी ते परस्पर आणून घेत असतील त्या, एका पिशवीत घालून बरोबर न्या आणि तुमच्या लोहाच्या गोळ्या त्यांनी कोणत्या तारखेपासून घेतल्या ते एका कागदावर लिहून ठेवा.